डिजिटल ध्वनी शिका एक माहितीपट करत: सोलापूरच्या यंत्रमागापासून हलगीपर्यंत

ध्वनीचं काम शिकायला निघालेला माणूस बहुधा सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतो. बटणं पाठ होतात, प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं) जमा होतात, तरी आवाज पोकळच येतो, कारण माइक बोलणाऱ्यापासून चार हात लांब होता. म्हणून इथे क्रम वेगळा धरला आहे. पाच मिनिटांचा एक माहितीपट करायचा, विषय सोलापुरातला एखादा यंत्रमाग कारखाना, आणि त्याचं सगळं ध्वनिकाम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचं: मागाचा आवाज, विणकराची मुलाखत, निवेदन, हलगी आणि पेटीचं संगीत, मग मिक्स, म्हणजे हे सगळे आवाज एकत्र बसवणं. गाणं, चित्रपट आणि मोबाइलवरचा व्हिडिओ या तिन्हींना लागणारं कौशल्य या एका कामात शिकून होतं.

शिकण्यासाठी हे शहर फार चांगलं आहे. कान फाटेल असा आवाज आणि कुजबुज, दोन्ही हाताशी आहेत. हलगी वाजवणारे आहेत, भजनी मंडळं आहेत, आणि एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड ऐकू येतं.

आधी आकडे ठरवा

पहिलं रेकॉर्डिंग करण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहा आणि कॅमेरा, रेकॉर्डर, कॉम्प्युटर तिन्हीकडे तेच ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सेकंदाला २५ फ्रेम.

४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं मोजमाप. माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि कुठलीही कंपनसंख्या पकडायला तिच्या दुपटीहून जास्त मोजमापं लागतात, एवढं गणित पुरेसं आहे. सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ ठरलं, चित्रासोबतच्या आवाजासाठी ४८. हे दोन मिसळले की गडबड होते. ४४.१ ची फाइल एखाद्या यंत्राने ४८ ची समजून वाजवली, तर ती जवळजवळ नऊ टक्के वेगाने पळते आणि सूर साधारण दीड अर्धस्वराने, म्हणजे काळी एकवरून पांढरी दोनच्याही वर, चढतो. निवेदकाचा आवाज अचानक पातळ आणि घाईचा वाटला, तर आधी हेच तपासा.

२४ बिट घ्यायचं ते निवांतपणे लेव्हल ठेवता यावी म्हणून. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. त्यामुळे हळू रेकॉर्ड करून नंतर वाढवलं तरी फाइलची स्वतःची सळसळ वर येत नाही. जागा फार खात नाही: एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ८.६ एमबी, स्टिरिओ १७.३ एमबी. फाइल वेव्ह हवी. एमपी३ ही पाठवण्याची फाइल आहे, कामाची नव्हे. त्यात कानाला सहज न कळणारा भाग कायमचा गाळलेला असतो, आणि तुम्ही इक्यू (ठरावीक कंपनसंख्या कमी-जास्त करणारं साधन), कॉम्प्रेसर (मोठे आवाज आपोआप दाबणारं साधन) लावायला लागलात की ती गाळणी ऐकू यायला लागते.

व्हिडिओ मोबाइलवर काढणार असाल तर आणखी एक गोष्ट. बरेच फोन फ्रेमचा वेग आपोआप कमी-जास्त करतात. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, चौथ्या मिनिटाला सुटतात. एडिटला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून सगळे व्हिडिओ स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या.

काय विकत घ्यायचं, कशाच्या आधी

सर्वांत आधी हेडफोन. कान पूर्ण झाकणारे, वायरचे. ब्लूटूथचे नकोत, त्यांत आवाज सहज दहावा हिस्सा सेकंद उशिरा पोचतो आणि चित्राशी काहीच जुळवता येत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स वर्षानुवर्षं कामात टिकलेले आहेत. हेडफोन न घालता केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे आंधळेपणाने केलेलं काम. वायर करकरते आहे, रिक्षा गेली, शर्टाची कॉलर घासली, हे फक्त हेडफोनमध्ये कळतं.

दुसरा क्रमांक माइकचा. एकच घेणार असाल तर डायनॅमिक घ्या, शुअरचा एसएम५८ किंवा तशा बांधणीचा. तो पडला तरी चालतो, हलगीचा मार सहन करतो आणि लांबचा आवाज फारसा ओढत नाही. एसएम५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत, किंमत फारच कमी सांगितली तर घेऊ नका. कंडेन्सर माइक जास्त बारकावे पकडतो, पण त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो आणि तो शेजारच्या घरातला मिक्सरही पकडतो. मुलाखतीसाठी कॉलरला लावायचा लॅपल माइक तिसरा.

बाहेर फिरायला हातातला रेकॉर्डर, घरी कामाला दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी. हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर मिळतात, त्यांत लेव्हल चुकली तरी फाइल वाचते. ही सोय खरी आहे. मात्र माइकची कॅप्सूलच आवाजाने फाटली, तर कुठलाही फ्लोट ती दुरुस्त करत नाही. कारखान्यात हे होऊ शकतं.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला एक रुपयाही घालवू नका. साध्या कापाकापीला ऑडॅसिटी, आणि चित्रासोबतच्या कामाला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. त्यातल्या फेअरलाइट विभागात या लेखातलं जवळजवळ सगळं होतं. संगीत जास्त करणार असाल तर रीपर पाहा.

खोली आणि चादर

निवेदन घरात रेकॉर्ड होणार. प्लास्टरच्या चार भिंती, फरशी आणि स्लॅब असलेल्या खोलीत शब्दाच्या मागे शब्दाची सावली येते. ती सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. इथे सोलापूरकराकडे घरातच औषध आहे. जाड सोलापुरी चादरी, दुहेरी घडी करून, बोलणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टांगा. भिंतीला चिकटवू नका, १० सेंटिमीटर तरी पुढे ठेवा. कारण असं की कापड हवेची हालचाल अडवून आवाज शोषतं, आणि भिंतीलगत हवा हलतच नाही. भिंतीपासून लहरीच्या पाव लांबीवर ती सर्वांत जास्त हलते. १००० हर्ट्झची लहर साधारण ३४ सेंटिमीटरची, तिचा पाव हिस्सा साडेआठ. म्हणून १० सेंटिमीटरच्या फटीने बोलण्यातला वरचा भाग चांगला बसतो.

१०० हर्ट्झसाठी हाच हिशोब केला तर पाव लांबी ८५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. याचा अर्थ चादरीने घुमणारा खालचा आवाज जाणार नाही. त्यासाठी खोलीच्या अगदी मधोमध आणि कोपऱ्यात बसणं टाळा, गाद्या आणि कापडाने भरलेलं कपाट असलेली खोली निवडा. बोलणाऱ्याचं तोंड चादरीकडे असेल अशी चूक बरेच जण करतात. कार्डिऑइड माइकची पाठ बहिरी असते, समोरची बाजू ऐकते. म्हणून चादर माइक जिकडे पाहतो तिकडे, म्हणजे बोलणाऱ्याच्या मागे, आधी हवी.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पंखा आणि कूलर बंद करून कुणाला निवेदन करायला लावणं अन्याय आहे. पहाटे पाच ते सात ही वेळ धरा. फ्रिज बंद केला तर आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू करायला विसरणार नाही.

रेकॉर्डिंगमध्ये एकसुरी घूं ऐकू आली तर ती बहुधा ५० हर्ट्झची, आपल्या विजेच्या प्रवाहाची, आणि तिच्या पटीतली १००, १५० हर्ट्झची असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घूं गेली तर दोष चार्जरच्या अर्थिंगचा. नाही गेली तर माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर पसरली आहे का पाहा; ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

लेव्हल

डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही छताची उंची आहे. त्याच्या वर काही नाही. लहर छताला लागली की सपाट कापली जाते, म्हणजे क्लिप होते, आणि त्या जागी काय होतं हे कुठल्याच फाइलमध्ये उरत नाही. बोलणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या जोमाने बोलायला लावा, सरासरी उणे २० च्या आसपास आणि सर्वांत मोठे ठोके उणे १२ ते उणे १० या दरम्यान येतील असा गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवा. 'चाचणी, चाचणी, एक दोन तीन' वर लेव्हल लावू नका. माणूस चाचणीत हळू बोलतो आणि बोनसच्या आठवणीवर आला की आवाज चढवतो. त्याला सकाळी काय खाल्लं ते विचारा, मग कामाबद्दल एखादा टोचणारा प्रश्न विचारा, आणि दुसऱ्या उत्तरावर गेन ठरवा.

फोन किंवा कॅमेऱ्यातला आपोआप गेन बंद करा. तो शांततेत पंख्याचा आवाज फुगवतो आणि पहिल्या शब्दाला दचकून खाली येतो. फोनच्या मूळ रेकॉर्डर अॅपमधली आवाज-सफाई हलगीला तर गोंगाट समजून खाऊनच टाकते. त्यामुळे वेव्ह फाइल देणारं आणि ही सफाई बंद करता येणारं अॅप वापरा.

कारखान्यात

मालकाची आणि जॉबरची (मागांवर देखरेख करणाऱ्याची) परवानगी आधी घ्या, आणि कानांसाठी फोमचे बोळे घेऊन जा. धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याच्या) मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज असतो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडची मर्यादा ९० हीच धरतात. तिथे हेडफोनचा आवाज वाढवत नेऊन ऐकणं धोक्याचं आहे. आत मीटरवर भरवसा ठेवा, पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन रेकॉर्ड केलेलं ऐका.

पूर्ण शेडचा एकत्र आवाज नवखा माणूस अर्धा तास रेकॉर्ड करतो. तो पडद्यावर नुसती खरखर वाटतो, कारण डोळ्यांना दिसणारा एक माग त्या गोंधळात कानाला सापडत नाही. शेडचा एकत्र आवाज दोन-तीन मिनिटं पुरे. खरी कमाई सुटीच्या वेळात आहे. जेवणाच्या सुटीत सगळे माग थांबलेले असताना एकच माग चालू करायला सांगा आणि हे तुकडे वेगवेगळे घ्या: खटका दाबल्यावर मोटार वेग घेते तो आवाज, धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत आपटतो तो ठोका, आधी डाव्या बाजूने मग उजव्या, फणी कापडावर आदळते ती, चादरीचा माग असेल तर वर जेकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या, पत्त्यांची खडखड, सूत तुटल्यावर माग थांबतो तो क्षण, आणि थांबलेल्या शेडमधली शांतता, पूर्ण एक मिनिट, कुणी न हलता.

प्रत्येक तुकडा दोन अंतरांवरून घ्या. एकदा माइक यंत्रापासून ३० सेंटिमीटरवर, एकदा २ मीटरवर. जवळचा क्लोजअपला लागतो, लांबचा रुंद चित्राला. फिरत्या पट्ट्याजवळ आणि धोट्याच्या रेषेत माइक किंवा हात नेऊ नका. धोटा कधी कधी उडतो, तो लागला तर इजा मोठी होते. ओढणी, गळ्यातला पट्टा, लोंबती वायर आत नको. हवेतल्या तंतूंमुळे रेकॉर्डरची जाळी भरते, म्हणून माइकवर फोमची टोपी ठेवा आणि नंतर ती झटका.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तोंडाने नाव सांगा: 'माग क्रमांक तीन, धोटा, जवळून.' कारखान्यातून परतल्यावर चाळीस फाइली सारख्याच ऐकू येतात.

मुलाखत

चालू मागाजवळ मुलाखत घेतली तर दृश्य सुंदर आणि शब्द शून्य. माणसाला शेजारच्या कार्यालयात, दार लावून, नाहीतर घरी बसवा. मागाचा आवाज तुमच्याकडे वेगळा आहेच, तो नंतर हवा तेवढा खाली घालता येतो. एकत्र रेकॉर्ड झालेला काढता येत नाही.

अंतराचा नियम हा सगळ्या कामाचा कणा आहे. माइकचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आलात तर १२ डेसिबलचा फायदा, फुकट. कुठलाही महागडा प्लगइन एवढं देत नाही. लॅपल माइक छातीच्या हाडाजवळ, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावा. पातळ नायलॉनचा शर्ट किंवा कडक काठाची साडी घासते. माइकच्या खाली वैद्यकीय चिकटपट्टीचा त्रिकोण घडी करून लावला की घासणं बरंच थांबतं. वायरीची एक सैल गाठ माइकच्या खाली ठेवा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही.

रेकॉर्डर वेगळा आणि कॅमेरा वेगळा असेल तर सुरुवातीला चित्रात दिसेल अशी एक टाळी वाजवा. दोन्ही यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, म्हणून लांब मुलाखतीत दर दहा-पंधरा मिनिटांनी आणखी एक टाळी घ्या. एका फ्रेमची वेळ ४० मिलिसेकंद. आवाज हवेतून तेवढ्यात सुमारे १४ मीटर जातो, म्हणजे कॅमेऱ्याजवळचा माइक लांब असल्यामुळे होणारा उशीर छोट्या खोलीत चिंतेचा नाही, जत्रेच्या गर्दीत लांबून चित्रण केलं तर मात्र आहे.

मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीची शांतता ६० सेकंद घ्या. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधला खोकला काढल्यावर त्या भोकात हीच भरायची असते. डिजिटल निःशब्द टाकलं तर ऐकणाऱ्याला फाइल तुटल्यासारखं वाटतं.

सोलापुरात विणकर आजोबा तेलुगूत जास्त मोकळे होतील, हे लक्षात ठेवा. त्यांना मराठीत बोलायला भाग पाडू नका. त्यांची भाषा राहू द्या, वर मराठी निवेदन द्यायचं तर मूळ आवाज दोन सेकंद पूर्ण ऐकू द्या, मग १२ ते १५ डेसिबल खाली घ्या, आणि शेवटचे दोन-तीन शब्द पुन्हा वर येऊ द्या.

हलगी आणि पेटी

विकत घेतलेल्या संगीतापेक्षा गावातली हलगी या विषयाला शोभते, आणि शिकवतेही जास्त. तिचा ठोका काही मिलिसेकंदांत शिगेला पोचतो. मीटर तो पूर्ण दाखवीपर्यंत क्लिप होऊन गेलेला असतो, म्हणून गेन बोलण्यापेक्षा बराच खाली ठेवा: मोठ्यात मोठा ठोका उणे १२. माइक कातड्यापासून ६० ते ९० सेंटिमीटरवर, थोडा तिरपा. फार जवळ नेला तर काठीचा टणत्कार तेवढा येतो, चामड्याचा गोळीबंद आवाज हरवतो. वादक हलगी शेकून ताणतात आणि थंड झाली की सूर उतरतो. म्हणून शेकल्यावर लगेच रेकॉर्ड करा, आणि सगळे टेक एकाच शेकण्यात उरकण्याचा प्रयत्न करा, नाहीतर पहिला आणि तिसरा टेक जोडता येणार नाहीत.

दोन माइक लावलेत, एक पुढून आणि एक मागून, तर एक सापळा आहे. काठी पडली की कातडं पुढच्या माइकपासून दूर जातं आणि मागच्याच्या जवळ येतं. दोन्ही लहरी उलट्या. एकत्र केल्यावर खालचा दम गायब होतो आणि हलगी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. मागच्या ट्रॅकवर पोलॅरिटी उलटवण्याचं बटण दाबा. दम लगेच परत येतो. ढोलकीच्या दोन तोंडांना दोन माइक लावले तरी हाच नियम.

हलगीवाल्याला क्लिकवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एकसारख्या टिकटिकीवर, वाजवायला लावण्याचा हट्ट धरू नका. लय हळूहळू चढत जाणं हा त्या वादनाचा प्राण आहे. आधी मोकळं रेकॉर्ड करा, मग सॉफ्टवेअरमध्ये ठोक्यांवर खुणा करून टेम्पोचा नकाशा बनवा, आणि बाकीची वाद्यं त्यावर बसवा.

पेटीचा प्रश्न वेगळा आहे. भजनी मंडळातली पेटी क्वचितच ४४० हर्ट्झच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या वाद्यांच्या नेहमीच्या प्रमाण सुराच्या, बरोबर मापात असते. तिच्यावर कीबोर्डचा तानपुरा किंवा बासरी चढवली की दोन सूर एकमेकांना चावतात. पेटीची काळी चार धरून ट्यूनर अॅपवर पाहा, किती सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर किंवा खाली आहे ते लिहा, आणि तेवढाच फरक सगळ्या कॉम्प्युटरच्या वाद्यांना द्या. पेटी बदलू नका. माइक साधारण ४५ सेंटिमीटर वर, भात्याच्या विरुद्ध बाजूला.

कीबोर्डवरून जे कॉम्प्युटरमध्ये जातं त्याला मिडी म्हणतात. १९८३ पासून चालत आलेली ही पद्धत आवाज पाठवत नाही, कुठला स्वर, किती जोरात, किती वेळ, एवढंच सांगते. जोर १ ते १२७ या अंकांत. सगळे स्वर एकाच अंकावर राहिले की वादन यंत्राचं वाटतं, म्हणून ठोक्यांच्या वजनाप्रमाणे ते कमी-जास्त करा. वाजवताना स्वर उशिरा येत असेल तर इंटरफेसचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती मोजमापं साठवून पुढे देतो ते) १२८ सँपलवर आणा, ४८ किलोहर्ट्झला ते तीन मिलिसेकंदांपेक्षा कमी होतं. विंडोजवर त्यासाठी इंटरफेसच्या कंपनीचा आसिओ ड्रायव्हर हवा. मिक्सच्या वेळी बफर १०२४ करा, नाहीतर आवाज तडतडेल.

वादकांची लेखी परवानगी घ्या आणि मानधन ठरवून द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादक-गायकांनाही त्यांच्या सादरीकरणावर हक्क आहे. चित्रपटगीताचे 'तीस सेकंद चालतात' हा समज खोटा आहे. अशी कुठलीही सूट कायद्यात नाही.

एडिट: आधी शब्द

पाच थर करा: मुलाखत, निवेदन, वातावरण, ठळक आवाज, संगीत. प्रत्येकाला रंग द्या. संगीत आणि वातावरण बंद ठेवून फक्त शब्दांवर माहितीपट उभा करा. शब्दांनी पाच मिनिटं धरून ठेवली नाहीत तर हलगी ती धरणार नाही.

प्रत्येक कापावर १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा उमटणं) द्या, नाहीतर टिकटिक येते. श्वास सगळे काढू नका. वाक्याआधीचा श्वास काढला की माणूस बाहुली वाटतो. चित्र आणि आवाज एकाच ठिकाणी कापण्याची सवय लवकर मोडा. आजोबा घरी बोलत आहेत, त्यांचं शेवटचं वाक्य संपण्याआधीच मागाची मोटार वेग घेऊ लागते, आणि मग शेड दिसते. हे अर्ध्या सेकंदाचं पुढे-मागे प्रेक्षकाला हाताला धरून नेतं.

सफाईचं साधन जपून. खोलीच्या शांततेचा नमुना देऊन ६ ते १० डेसिबलच कमी करा. त्यापुढे शब्द पाण्याखालून आल्यासारखे बुळबुळीत होतात.

मिक्स

आवाजाची पातळी एकदा ठरवा आणि हेडफोनच्या बटणाला पुन्हा हात लावू नका, नाहीतर मिक्स कानाच्या थकव्याप्रमाणे बदलत जातं.

शब्दांपासून सुरू करा. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथे बहुधा टेबलाचे धक्केच असतात. आवाज डब्यातून आल्यासारखा असेल तर २०० ते ४०० मध्ये दोन-तीन डेसिबल कमी करा. मग कॉम्प्रेसर: प्रमाण ३:१, अटॅक १५ मिलिसेकंद, रिलीज १२०, आणि मोठ्या शब्दांवर सुई ३ ते ६ डेसिबलच खाली यावी. 'स', 'श', 'च' टोचत असतील तर ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये डी-एसर. मराठीत हे वर्ण सारखे येतात, तो जास्त लावला तर निवेदक बोबडा होतो.

मग मागाचा आवाज शब्दांखाली आणा. इथे बहुतेक मिक्स फसतात. लोखंडी खडखड नेमकी २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये दाट असते, आणि शब्द स्पष्ट कळण्याची जागाही तीच. फेडर (त्या थराचा आवाज वर-खाली करायची सरकपट्टी) नुसता खाली घेत गेलात तर कारखाना मरतो. त्याऐवजी वातावरणाच्या थराला फक्त या पट्ट्यात ४-५ डेसिबलचा खड्डा द्या, फेडर जागेवर ठेवा. शेड जिवंत राहते, शब्दही वर येतात. संगीताला बोलण्याच्या वेळी हाच उपाय.

हलगीला खोलीचा आभास हवा असेल तर रिव्हर्ब एका सेकंदाच्या आत ठेवा. देवळाच्या गाभाऱ्याएवढा दिला तर ठोके एकमेकांवर चढतात.

संपूर्ण मिक्स मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका. काही नाहीसं झालं तर कुठेतरी पोलॅरिटी उलटी आहे. मग फोनच्या स्पीकरवर ऐका. फोन खालचा दम देऊच शकत नाही, म्हणून हलगीचा काठीचा आवाज तिथे तरी पोचतो का ते पाहा.

फाइल बाहेर काढताना

मोजायचं ते शिखर नव्हे, सरासरी जाणवणारा आवाज, आणि त्याचं माप एलयूएफएस. यूट्यूब त्याच्याकडचा आवाज साधारण उणे १४ वर आणतो: त्याहून मोठा असेल तर खाली ओढतो. म्हणून उणे १६ ते उणे १४ च्या दरम्यान थांबा, खरं शिखर (ट्रू पीक) उणे १ च्या वर नको. युरोपीय प्रसारणाचं माप उणे २३ आहे. वाहिनीला देणार असाल तर त्यांचं लेखी माप मागून घ्या आणि तेच पाळा. चित्रपटगृहाच्या डीसीपीसाठी (तिथे चालणाऱ्या डिजिटल प्रतीसाठी) आवाज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा वेव्हच लागतो, पण चित्र बहुधा २४ फ्रेमवर द्यावं लागतं. २५ चं २४ केलं की लांबी ४ टक्के वाढते, त्यामुळे आवाज स्वतंत्रपणे, सूर न बदलता, ताणून घ्यावा.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात दाखवायचं असेल तर तासभर आधी जा. फाइलच्या सुरुवातीला दहा सेकंद १००० हर्ट्झचा सूर उणे २० वर ठेवा, त्यानंतर 'डावा', 'उजवा' असे शब्द त्या त्या बाजूला. सुरावर ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला लेव्हल लावता येते, शब्दांवर उलट्या जोडलेल्या वायरी कळतात. लॅपटॉपच्या हेडफोन छिद्रातून वायर थेट मिक्सरला नेली की घूं येण्याची शक्यता मोठी, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधली थेट विजेची जोडणी तोडून आवाज तेवढा पुढे देणारी पेटी) बरोबर न्या. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, प्रेक्षक बसले की त्यांचे कपडे आणि शरीरं तो शोषतात. तालमीत ठीक वाटलेली पातळी भरल्या सभागृहात थोडी वाढवावी लागेल. शेवटच्या रांगेत एका माणसाला बसवून शब्द कळतात का ते विचारा.

काम संपल्यावर तीन वेगळ्या फाइली काढून ठेवा: पूर्ण मिक्स, फक्त शब्द, आणि शब्द सोडून बाकी सगळं. तिसरी फाइल सोलापुरात सोन्याची आहे. तेलुगू किंवा कन्नड निवेदन करायचं ठरलं की नवा आवाज तिच्यावर ठेवायचा, मागाची खडखड आणि हलगी पुन्हा रेकॉर्ड करावी लागत नाही. मूळ रेकॉर्डिंग दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात तारीख, जागा आणि वस्तू लिहा, जेणेकरून 'नवीन फायनल २' उघडून पाहण्याची वेळ कुणावर येणार नाही.